आठवी प्रत अग्निशमन दलासाठी

घातक कचऱ्याचा ट्रक कारखान्याच्या गेटबाहेर पडतो तेव्हा त्याच्याबरोबर सात प्रतींचं चलन निघतं. पांढरी, पिवळी, गुलाबी, नारिंगी, हिरवी, निळी आणि करडी. कोणती प्रत कारखान्याने ठेवायची, कोणती वाहतूकदाराने, कोणती विल्हेवाट केंद्राने, कोणती प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पाठवायची, कचरा परराज्यातला असेल तर तिकडच्या मंडळाला कोणती, हे २०१६ च्या घातक कचरा नियमांत रंगासकट ठरवून दिलेलं आहे. हल्ली यातला बराच व्यवहार ऑनलाइन होतो, पण माहिती कुणाकुणाकडे जायची ती यादी बदललेली नाही. या यादीत अग्निशमन दल नाही. ज्या गावाच्या शिवेवर हा कचरा उतरणार त्या ग्रामपंचायतीचंही नाव नाही.

ही कारकुनी त्रुटी वाटेल. पण घातक कचरा हाताळणाऱ्या केंद्रांच्या आपत्कालीन नियोजनातला सगळा घोळ माझ्या मते इथूनच सुरू होतो. या केंद्रांकडे आराखडे नसतात असं नाही. असतात, जाडजूड असतात, स्पायरल बाइंडिंग करून कपाटात ठेवलेले असतात. बहुतेकदा ते तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यासाठी लिहिलेले असतात. रात्री अडीच वाजता धुरासमोर उभ्या राहिलेल्या फायरमनला त्यातून काय कळेल, हा विचार लिहिताना झालेला दिसत नाही.

राज्यात घातक कचऱ्याची सामायिक केंद्रं तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरी इथं उभी राहिली. कारखान्याला असा कचरा स्वतःच्या आवारात साधारण ९० दिवसच ठेवता येतो, मग तो इकडे पाठवावा लागतो. काय काय येतं इथं? सांडपाणी प्रक्रियेतला गाळ, वापरून झालेले सॉल्व्हंट, ऊर्ध्वपातनानंतर तळाशी उरलेला डांबरासारखा अवशेष, पेंटचा स्लज, निकामी कॅटॅलिस्ट, मुदत संपलेली औषधं, तेलकट चिंध्या, आणि ‘रिकामे’ म्हणून आलेले पण पुरते रिकामे नसलेले ड्रम. काही लँडफिलमध्ये पुरलं जातं, काही इन्सिनरेटरमध्ये जाळलं जातं, काही एकत्र कालवून सिमेंटच्या भट्ट्यांकडे इंधन म्हणून जातं.

रासायनिक कारखाना आणि हे केंद्र यांत मोठा फरक आहे. कारखान्याला आपला कच्चा माल ठाऊक असतो. ठरावीक रसायनं, ठरावीक टाक्या, वर्षानुवर्षं तीच प्रक्रिया. कचरा केंद्राकडे शेकडो कारखान्यांचं नको असलेलं सगळं येतं आणि त्याची घडण रोज बदलते. वर्षातून एकदा सुधारलेला आराखडा पुढचा ट्रक आत आला की शिळा होतो. तरीही आपण या केंद्रांकडून कारखान्यासारखाच आराखडा मागतो आणि तसाच मंजूर करतो.

त्यात नियमांची भाषाही कामी येत नाही. नियमांच्या पहिल्या अनुसूचीत कचऱ्याला क्रमांक दिले आहेत. ३५.३ म्हणजे सांडपाणी प्रक्रियेतला रासायनिक गाळ, २०.३ म्हणजे ऊर्ध्वपातनातले अवशेष, ३३.१ म्हणजे रसायनांनी माखलेले रिकामे ड्रम आणि पिशव्या. हा क्रमांक कचरा कुठल्या प्रक्रियेतून निघाला ते सांगतो. आग लागल्यावर तो काय करेल याबद्दल मौन पाळतो. एका कारखान्याचा ३५.३ म्हणजे चुन्याचा निरुपद्रवी चिखल असेल, दुसऱ्याच्या ३५.३ मध्ये सल्फाइड असू शकेल. बोर्डावर दोन्हीकडे ३५.३ च लिहिलेलं असणार.

आणि या पदार्थांचं आपसातलं वैर फार जुनं आहे. सायनाइडच्या गाळावर आम्ल पडलं की हायड्रोजन सायनाइड सुटतो. सल्फाइडवर पडलं की हायड्रोजन सल्फाइड. हायपोक्लोराइटवर पडलं की क्लोरीन. ॲल्युमिनियम वितळवणाऱ्या भट्टीतल्या मळीवर पाणी पडलं तर अमोनिया आणि ज्वलनशील वायू निघतात. काही कॅटॅलिस्ट ओले असेपर्यंत गप्प असतात, सुकले की हवेत आपोआप पेट घेतात. अशा शेडसमोर बंब येऊन थांबतो तेव्हा अधिकाऱ्याला चार-पाच मिनिटांत एकच ठरवायचं असतं: पाणी मारायचं, फोम वापरायचा, की माणसं मागे घेऊन जळू द्यायचं. ‘आत घातक कचरा आहे’ एवढ्या माहितीवर हा निर्णय होत नाही. आपले फायरमन मग सवयीने जे करतात तेच करतात. पाणी मारतात.

यातली चीड आणणारी गोष्ट अशी की माहिती अस्तित्वात असते. केंद्रात आलेल्या ट्रकमधल्या मालाचा नमुना घेतला जातो, आम्लता, ज्वलनशीलता, सायनाइड-सल्फाइड वगैरे झटपट चाचण्या होतात, मगच माल आत घेतला जातो. कोणता ड्रम कुठल्या शेडच्या कुठल्या कप्प्यात गेला याची नोंद होते. म्हणजे आज संध्याकाळी सहा वाजता तिसऱ्या शेडमध्ये काय आहे, हे एका संगणकावर लिहिलेलं असतं. तो संगणक गेटच्या आत असतो. आग लागते तेव्हा तोही आतच असतो.

हे होतं तेव्हा काय घडतं, याचं अभ्यासलं गेलेलं उदाहरण अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाच्या एपेक्स या गावाचं आहे. ५ ऑक्टोबर २००६ च्या रात्री रस्त्याने जाणाऱ्या एका माणसाला हवेत धूसर पट्टा आणि क्लोरीनसारखा उग्र वास जाणवला, त्याने फोन केला. घातक कचरा साठवणाऱ्या केंद्रातून तो वास येत होता. केंद्र बंद होतं, रात्री आत कुणीही कर्मचारी नसायचा. म्हणजे पहिली खबर वाटसरूने दिली. अग्निशमन दल पोहोचलं तेव्हा आत नेमकं काय, किती आणि कुठे आहे याची लेखी माहिती त्यांच्याकडे नव्हती. त्यांनी शहाणपणा केला, मागे सरले आणि गाव रिकामं करायला घेतलं. सुमारे १७ हजार माणसं घराबाहेर पडली, म्हणजे गावातली निम्म्याहून अधिक वस्ती. तीसेक जणांना वैद्यकीय तपासणी लागली, त्यांत बारा पोलीस होते. जीव कुणाचा गेला नाही.

तिथल्या केमिकल सेफ्टी बोर्डाने चौकशी केली. आग ऑक्सिडायझर, म्हणजे दुसऱ्या पदार्थांचं जळणं भडकवणारी रसायनं, ठेवलेल्या कप्प्यात सुरू झाली असा निष्कर्ष निघाला. कप्पे एकमेकांपासून वेगळे होते खरे, पण कशाने? सहा इंच उंचीच्या उंबऱ्यांनी. सांडलेलं द्रव शेजारच्या कप्प्यात जाऊ नये म्हणून ते बांधले होते. आग अडवणारी भिंत नव्हती. त्या साठ्यात विमानातले न वापरलेले ऑक्सिजन जनरेटरही होते, त्यांच्यातल्या प्राणवायूने आग झपाट्याने पसरायला हातभार लावला असावा. बोर्डाच्या शिफारशींतली मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही: अशा केंद्रांनी आपल्याकडे असलेल्या कचऱ्याचे प्रकार, अंदाजे प्रमाण आणि जागा यांची लेखी माहिती स्थानिक अग्निशमन आणि आपत्कालीन यंत्रणेला आधीच द्यावी. ‘मागितल्यास देऊ’ हे पुरेसं नाही, कारण मागायची वेळ येते तेव्हा द्यायला कुणी जागेवर नसतं.

जर्मनीतलं लेव्हरकुझेन २७ जुलै २०२१ ला हादरलं. तिथल्या रसायन वसाहतीच्या कचरा विल्हेवाट केंद्रात टाकीतला द्रव कचरा त्याच्या सुरक्षित तापमानापेक्षा गरम साठवला गेला, तो स्वतःच तापत गेला, दाब वाढला, टाकी फुटली आणि आजूबाजूच्या टाक्या पेटल्या. सात जण मेले, ३१ जखमी झाले. हे जर्मनीत घडलं, जिथे नियमांची आणि शिस्तीची वानवा नाही. तेव्हा ‘आमच्याकडे सगळे परवाने आहेत’ या वाक्याने कुणाची खात्री पटू नये. पण त्याच दिवशी तिथल्या लोकांच्या मोबाइलवर इशारा गेला: दारं-खिडक्या लावून घरात थांबा. पुढे काजळी पडलेल्या भागात बागेतल्या भाज्या खाऊ नका, अशाही सूचना निघाल्या. अपघात टळला नाही, पण पुढचे तास कसे काढायचे हे कुणीतरी लोकांना सांगत होतं.

अमेरिकेने २०१६ मध्ये मोठ्या प्रमाणावर घातक कचरा निर्माण करणाऱ्यांच्या नियमांत एक साधी गोष्ट घातली. संपूर्ण आपत्कालीन आराखड्याबरोबर एक छोटा संक्षिप्त मार्गदर्शक करून स्थानिक यंत्रणांना द्यायचा. त्यात काय हवं? कचऱ्याची साध्या भाषेतली नावं आणि त्यांचे धोके, एका वेळी जास्तीत जास्त किती साठा असू शकतो, कुठल्या कचऱ्याची बाधा झाली तर डॉक्टरांना वेगळे उपचार करावे लागतील, आवाराचा नकाशा, शेजारच्या शाळा-वस्त्यांसह रस्त्यांचा नकाशा, पाणी कुठून मिळेल, आत धोक्याची सूचना कशी दिली जाते, आणि चोवीस तास उचलला जाणारा फोन नंबर. बस. हे वाचायला पाच मिनिटं लागतात. योगायोगाने आपले घातक कचरा नियमही २०१६ चेच. आपल्या नियमांत अपघात झाल्यास प्रदूषण मंडळाला ताबडतोब फोन किंवा ई-मेल करा आणि नंतर अकरा नंबरच्या नमुन्यात अहवाल पाठवा, असं लिहिलं. प्रदूषण मंडळाकडे बंब नसतो.

आपल्याच नियमांत एक विसंगती आहे, ती सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. ट्रकबरोबर चालकाने ‘ट्रेम कार्ड’ बाळगायचं असतं. कचरा काय आहे, आग लागली तर काय करायचं, सांडला तर काय, प्रथमोपचार कोणते, तज्ज्ञांना कुठे फोन करायचा, हे त्या कार्डावर असतं. म्हणजे दहा टन कचरा पनवेलच्या रस्त्यावर असतो तोवर त्याच्यासोबत आपत्कालीन सूचना असतात. तो केंद्रात उतरतो, शेडमध्ये आणखी पन्नास ट्रकांच्या मालाशेजारी जाऊन बसतो, आणि तिथे त्या एकत्र साठ्याचं कार्ड कुणी करत नाही. धोका वाढला त्या क्षणी माहिती आटली.

मग नवा कायदा हवा का? इथे माझं मत बहुतेक पर्यावरणवादी मित्रांपेक्षा वेगळं आहे. कायदा आहे, आणि बराच चांगला आहे. भोपाळनंतर, १९८७ मध्ये, कारखाना कायद्यात ४१-ब हे कलम आलं. धोकादायक प्रक्रिया चालवणाऱ्याने धोक्यांची माहिती कामगारांना, निरीक्षकांना, स्थानिक संस्थेला आणि आजूबाजूच्या जनतेला दिली पाहिजे, आपत्कालीन आराखडा केला पाहिजे आणि अपघातात काय करायचं ते लोकांना कळवलं पाहिजे, असं त्यात होतं. नव्या कामगार संहितेतही हा आशय उतरला आहे. १९८९ च्या घातक रसायन नियमांत तर कारखान्याच्या आतला आराखडा, जिल्हा प्रशासनाने करायचा बाहेरचा आराखडा, आतल्या आराखड्याची दर सहा महिन्यांनी आणि बाहेरच्याची दरवर्षी रंगीत तालीम, आणि लोकांना ‘काय करावं, काय करू नये’ हे आधी सांगणं, सगळं आहे.

त्याहून मौजेचे १९९६ चे रासायनिक अपघात नियम. त्यांनी केंद्र, राज्य, जिल्हा आणि थेट औद्योगिक वसाहतीपर्यंत ‘संकट गट’ नेमायला सांगितले. स्थानिक गटाचे अध्यक्ष प्रांत. सदस्यांत कारखाना निरीक्षक, फायर ऑफिसर, ठाणेदार, गटविकास अधिकारी, प्राथमिक आरोग्य अधिकारी, घातक मालाचे दोन वाहतूकदार, गावचा सरपंच, एखादी स्वयंसेवी संस्था, परिसरातले दोन नामवंत डॉक्टर, दोन समाजसेवक आणि स्थानिक वर्तमानपत्राचा संपादक! हा गट दर महिन्याला भेटला पाहिजे आणि दर सहा महिन्यांनी पूर्ण स्वरूपाची मॉक ड्रिल झाली पाहिजे. ज्याने हा मसुदा लिहिला त्याला गाव कसं चालतं ते कळत होतं. वायू सुटल्याची बातमी सरकारी पत्रकाआधी सरपंचाच्या फोनवर येते आणि माणसं सिव्हिलआधी गल्लीतल्या डॉक्टरकडे धावतात, हे त्याला माहीत होतं. एमआयडीसीला लागून असलेल्या गावांतल्या वाचकांनी आपल्या सरपंचाला एकदा विचारून पाहावं: तुम्ही संकट गटाचे सदस्य आहात का, शेवटची बैठक कधी झाली? उत्तराचा अंदाज मी इथे लिहीत नाही.

मॉक ड्रिलचं तर आपण नाटक करून टाकलं आहे. कामाच्या दिवशी सकाळी अकराची वेळ, आधी पत्र गेलेलं, पाहुण्यांना खुर्च्या मांडलेल्या, स्ट्रेचरवर झोपायचा कामगार ठरलेला, शेवटी चहा आणि फोटो. अपघाताला अकराची वेळ सोयीची असते असा आपला समज असावा. भोपाळ मध्यरात्री घडलं, विशाखापट्टणम पहाटे, एपेक्स रात्री. खरी तालीम रविवारच्या रात्री, न सांगता व्हायला हवी. त्या पाळीला केंद्रावर कोण असतं? एक सुपरवायझर, दोन ऑपरेटर, आणि कंत्राटदाराचे सुरक्षारक्षक. त्यांपैकी किती जणांना तिसऱ्या शेडमध्ये काय आहे ते सांगता येतं? त्यांना आराखड्याची इंग्रजी वाचता येते का? सुपरवायझरने फोन उचलला नाही तर रक्षकाने स्वतःहून सायरन दाबायचा की साहेबांची वाट पाहायची? विशाखापट्टणमला ७ मे २०२० ला कारखान्यातून स्टायरीन या रसायनाची वाफ वस्तीत शिरली, बारा माणसं गेली आणि सायरन वाजला नव्हता. भोपाळचा सायरन थोडा वेळ वाजवून बंद केला गेला आणि पुन्हा वाजला तेव्हा वायू गल्लीबोळांत पोहोचला होता. भोंगा वाजवायचा अधिकार रात्रपाळीच्या सर्वांत खालच्या माणसाला दिला पाहिजे, आणि चुकून वाजला तर त्याचा पगार कापला जाणार नाही हे लेखी दिलं पाहिजे. दुसरं कलम पहिल्यापेक्षा महत्त्वाचं.

लोकांना काय सांगायचं, हा प्रश्नही आपण पाश्चात्त्य पुस्तकांतून उचलून सोडवला आहे. ‘घरात थांबा, दारं-खिडक्या बंद करा’ हा सल्ला लेव्हरकुझेनमध्ये ठीक, तिथल्या खिडक्या घट्ट लागतात. एमआयडीसीच्या कडेला कंत्राटी कामगारांच्या पत्र्याच्या खोल्या असतात, भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये हात जाईल एवढी फट असते. तिथे दार लावून बसणं म्हणजे वायूसोबत कोंडून घेणं. उलट सिमेंटच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्याने धावत खाली उतरणं चुकीचं, कारण क्लोरीन, हायड्रोजन सल्फाइड असे वायू हवेपेक्षा जड, ते जमिनीलगत सरपटतात. भोपाळमध्ये जे धावले त्यांनी धापा टाकत जास्त वायू छातीत घेतला. म्हणजे एकाच गावात दोन वस्त्यांना दोन वेगळ्या सूचना द्याव्या लागतील, आणि त्या आधी ठरवून, तोंडी सांगून, करून दाखवून ठेवाव्या लागतील. वाऱ्याच्या आडव्या दिशेने जायचं, हे मुलांना शाळेत शिकवता येतं. केंद्राच्या आवारातला वारा दाखवणारा कापडी मोजा गावातून दिसेल एवढ्या उंचीवर लावता येतो. ही कामं हजारांत होतात, लाखांत नाही.

बाहेरच्या आराखड्यातला नकाशा हा आणखी एक जुना रोग. तळोजा घ्या. औद्योगिक वसाहत वसली तेव्हा आजूबाजूला गावठाणं आणि भातशेती होती. २०१६ मध्ये पनवेल महानगरपालिका झाली, सिडकोची घरं उभी राहिली, नोव्हेंबर २०२३ मध्ये बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाली. आता या पट्ट्यात हजारो कुटुंबं टॉवरमध्ये राहतात. त्यांना घराचा ताबा देताना स्विमिंग पूलचा फोटो मिळतो, सर्वांत जवळच्या कचरा केंद्राचा फोन नंबर मिळत नाही. रांजणगावला महागणपतीचं देऊळ आहे. चतुर्थीला पुणे-अहिल्यानगर रस्ता गाड्यांनी तुंबतो, त्या दिवशी बंब कुठल्या वाटेने येणार? बुटीबोरीला मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, पत्र्याच्या शेडखाली सॉल्व्हंटच्या ड्रमचं काय होतं हे वेगळं सांगायला नको. आणि कोकणात आग सोडाच, पाणीच येतं. जुलै २०२१ मध्ये सावित्रीने महाड बुडवलं. पुरात कचऱ्याच्या शेडचं काय करायचं, ड्रम उंचावर कोण हलवणार, दूषित पाण्याची तळी फुटली तर खालच्या गावांना कोण कळवणार, हे जिल्ह्याच्या आराखड्यात असायला हवं. आपत्ती म्हणजे आगच असं गृहीत धरलं की पूर नेहमी अचानकच येतो.

यावर तीन आक्षेप ऐकू येतात. पहिला, लोकांना सांगितलं तर घबराट पसरेल. पिथमपूर पाहा. भोपाळच्या कारखान्यात चाळीस वर्षं पडून राहिलेला ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ च्या सुरुवातीला बारा कंटेनरांतून, पोलिसांच्या ताफ्यात, रस्ते मोकळे करून धार जिल्ह्यातल्या पिथमपूरला नेला गेला. दोन दिवसांत गाव रस्त्यावर उतरलं, दोघांनी अंगावर पेटवून घ्यायचा प्रयत्न केला. मग न्यायालयाच्या देखरेखीखाली तीन चाचण्या झाल्या, आणि जून अखेरीस सगळा कचरा जाळून संपला. तांत्रिकदृष्ट्या ते काम होण्यासारखं होतं. आगडोंब उसळला तो लोकांना शेवटी सांगितल्यामुळे. इंदूर-धार-देवास पट्ट्यातल्या मराठी घरांनाही हे पहिल्यांदा टीव्हीवरूनच कळलं असेल. घबराट पसरते ती न सांगितल्याने, हे इथे उलगडून दाखवण्याची गरजही उरली नाही.

दुसरा आक्षेप व्यापारी गुपिताचा. कचऱ्यातून कारखान्याची प्रक्रिया ओळखता येते म्हणे. असेल. पण फायरमनला सूत्र नको आहे. ‘पाणी लागू देऊ नका, नाकातोंडाला लागलं तर अमुक करा’ यातून कुणाचं पेटंट फुटत नाही.

तिसरा आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. अधिकृत केंद्रांवर बंधनं वाढवली की खर्च वाढतो, दर वाढतात, आणि कचरा टँकरमधून रात्री नाल्यात जातो. ही भीती कल्पनेतली नाही. २०१४ मध्ये उल्हासनगरला वालधुनी नदीत ओतलेल्या रसायनाने वस्तीतल्या माणसांना श्वास घेणं अवघड झालं. ६ जानेवारी २०२२ ला सुरतजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीत टँकरमधून नाल्यात रसायन सोडताना वायू तयार झाला आणि शेजारच्या गिरणीतले सहा कामगार मेले. तो कचरा महाराष्ट्रातून गेल्याचं तपासात पुढे आलं. अधिकृत केंद्रं आपल्याला हवीत, हे म्हणूनच मी कबूल करतो. ती बंद करा अशी मागणी करणाऱ्या मोर्च्यात मी जाणार नाही. पण मी जे मागतो आहे ते महाग नाही. इन्सिनरेटरच्या चिमणीवरची यंत्रणा महाग असते, लँडफिलचं अस्तर महाग असतं. रोज संध्याकाळी साठ्याचं एक पान अग्निशमन केंद्राच्या नियंत्रण कक्षात पाठवायला इंटरनेट लागतं, ते आधीच बसवलेलं आहे.

महाग आहे ते अग्निशमन दलाला सक्षम करणं, आणि त्याबद्दल खोटं बोलण्यात अर्थ नाही. एमआयडीसीचं अग्निशमन केंद्र, महापालिकेचं आणि शेजारच्या नगरपरिषदेचं, या तिघांकडे स्वतंत्र गाड्या आणि स्वतंत्र वरिष्ठ असतात. पहिली गाडी कुणाची आणि आदेश कुणाचा, हे घटनास्थळी ठरवण्यात वेळ जातो. श्वसनयंत्रं, रसायनरोधक पोशाख, वायू ओळखणारी उपकरणं, फोमचा साठा, हे तिघांनी मिळून एका ठिकाणी ठेवलं तर निभावतं. खर्च कुणी करायचा? कचरा पाठवणाऱ्याने, टनामागे. केंद्र आज त्याच्याकडून पुरण्याचे आणि जाळण्याचे पैसे घेतंच. त्यात आग विझवण्याच्या तयारीचे चार पैसे मिळवले तर प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजावी या तत्त्वाशी ते सुसंगतच ठरेल.

डोंबिवलीत मे २०१६ मध्ये रसायन कारखान्यातल्या स्फोटात बारा जण गेले, मे २०२४ मध्ये पुन्हा स्फोट होऊन पुन्हा माणसं गेली, आणि धोकादायक कारखाने हलवू अशी घोषणा झाली. हलवण्याची घोषणा सोपी असते कारण ती भविष्यात असते. कारखाने हलले तरी त्यांचा कचरा कुठल्यातरी एका शेडमध्ये येऊन बसणारच आहे, आणि त्या शेडच्या शेजारी कुणीतरी राहत असणार आहे.

प्रदूषण मंडळाने कचरा केंद्राच्या संमतिपत्राचं नूतनीकरण करताना दोन कागद मागावेत: साठ्याचं पान रोज मिळतं असं फायर ऑफिसरच्या सहीचं पत्र, आणि ग्रामसभेत मराठीतून आराखडा समजावून दिल्याचा ठराव. ते नसतील तर नूतनीकरण थांबावं. मंत्रालयाने हा बदल करायला दोन वर्षं घेतली तरी तोवर प्रांतांना हातावर हात धरून बसायचं कारण नाही. स्थानिक संकट गटाची बैठक पुढच्या आठवड्यात बोलावता येईल. विषयपत्रिकेवर तीनच गोष्टी पुरेत: केंद्राच्या शेडनिहाय साठ्याची यादी, रात्री भोंगा कोण वाजवणार त्याचं नाव, आणि सरपंच व दोन डॉक्टरांचे फोन नंबर. त्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही, १९९६ च्या नियमांनी अध्यक्षाची खुर्ची प्रांतांनाच दिलेली आहे.